मजुरी शून्य, लाकूड आपलं

झाडाकडे एकदा नजर टाकली की भाव आपोआप तोंडात येतो, असं गोपाल चारचौघांत सांगायचा. त्याची बायको पुष्पांजली म्हणायची, "येतो ते ठीक हाय, पण थोडा वेळ तोंडातच ठेवत जा."

धाड गावच्या या गड्यानं झाडं कापायची मशीन घेतली होती, तीही बायकोच्या भिशीच्या पैशातून. चिखलीला सासऱ्यांचं खत-बियाण्याचं दुकान होतं. जावयानं तिथं गल्ल्याशेजारी बसावं, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा. गल्ल्यावर नाही हं, गल्ल्याशेजारी. शेवटी पुष्पांजलीनं निकाल दिला: पहिल्या कामात चार पैसे सुटले तर मशीन राहील, नाही तर मशीन विकायची आणि मुकाट्यानं बाबांच्या दुकानात जायचं. गोपालला त्यापेक्षा बाभळीच्या शेंड्यावर झोपणं सोपं वाटत होतं.

पहिलं काम उंद्री गावचं आलं. उकंडराव नावाच्या म्हाताऱ्याच्या परसात वाळलेली भलीमोठी बाभूळ होती आणि तिच्याखाली झुडपांचं नुसतं रान माजलेलं. बाकीच्या झाडं तोडणाऱ्यांनी तीन हजार मजुरी सांगितली होती. गोपालनं मोटारसायकलवरून न उतरताच झाड पाहिलं.

"काका, मजुरीचा एक रुपया नोको. सारं साफ करून देतो, लाकूड तेवढं माह्यं."

उकंडरावांनी बाभळीकडे बोट केलं. "नेशीन ना पण? का इथीच टाकून जाशीन?"

"त्याच दिवशी उचलतो."

"मंग होळीच्या दिवशी ये. मी घरीच असतो."

मजुरी सांगितली की गिऱ्हाईक घासाघीस करतं, फुकट म्हटलं की चहा पाजतं, असा गोपालचा हिशेब. लाकडाचे पाच हजार द्यायला वीटभट्टीवाले वामनराव तयारच होते. ट्रॅक्टरही तेच आणणार होते. एवढं पक्कं गणित जमल्यावर मागं-पुढं बघायचं कशाला?

होळीच्या दिवशी सकाळपासून तो राबला. हाताला काटे, पायाला काटे, सदऱ्याची चाळण. दुपारी बाभूळ आडवी झाली, तुकडे पडले, पण परसाच्या बोळातून ट्रॅक्टर आत येईना हे तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. मग एकेक ओंडका खांद्यावर घेऊन त्यानं गल्लीच्या तोंडाशी मोकळ्या जागेत आणला. जागा छान गोल होती. मधोमध जमीन काळी पडलेली दिसली. कोणी कचरा जाळत असेल, असं म्हणून त्यानं त्याच काळ्या डागावर सगळे ओंडके उभे, एकमेकांना टेकवून रचले, म्हणजे ट्रॅक्टरला वळायला जागा राहील. आणि तो पाणी प्यायला उकंडरावांच्या घरी गेला.

परत येतो तर ढिगाच्या शेंड्यावर एरंडाची फांदी! गल्लीतल्या पोरींनी शेणाच्या चाकोल्यांची, म्हणजे छोट्या भोकाच्या गोवऱ्यांची, माळही घातली होती. गोपालनं फांदी उपसून फेकली. तेवढ्यात शेजारच्या केसरबाई पूजेचं ताट घेऊन आल्या आणि ढिगाभोवती पाण्याची धार धरू लागल्या.

"मावशी, थांबा. हे लाकूड माह्यं हाय."

"हाव बाबा, देणाऱ्याचंच असते. नाव काय तुहं?"

"गोपाल. पण मी देलं नाही. हे विकाचं हाय."

केसरबाई हसल्या. "होळीच्या दिवशी होळीच्या जागेवर लाकूड रचते, अन् विकाचं म्हणते. मोठा गमत्या हायेस बे."

हळद-कुंकू पडलं. मागं आणखी बायका ताटं घेऊन उभ्या. गोपालनं वामनरावांना फोन लावला.

"कुठी आहा तुम्ही? लवकर या."

"उंद्रीच्या फाट्यावर हावो. भजे खाऊन राह्यलो."

"भजे सोडा आन् या हो!"

थांबून चालणार नव्हतं. निदान जाडजूड ओंडके तरी बाजूला काढावेत म्हणून त्यानं एकाला हात घातला. ओट्यावरचे चार बाप्ये एकदम उभे राहिले.

"काय करून राह्यला?" एकानं विचारलं.

"वाकडं झालं होतं," गोपाल म्हणाला आणि ओंडका होता तिथं ठेवून दिला. त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता.

अखेर ट्रॅक्टर आला. वामनराव हात पुसत खाली उतरले, ढिगाकडे चालत गेले, थांबले, चपला काढल्या आणि हात जोडले. समोर पुरणपोळीचा नैवेद्य होता.

"वामनराव, नमस्कार नंतर करा. भरा आधी," गोपाल त्यांच्या कानाशी लागला.

"पागल झाला का बे? पुजलेली होळी भट्टीत घालू? माह्या घरी लेकरंबाळं हायेत."

ट्रॅक्टर रिकामा वळला. वळायला जागा मात्र अगदी ऐसपैस होती.

दिवस मावळला तशी होळी पेटली. उकंडराव धुतलेली टोपी घालून बाहेर आले आणि त्यांनी गल्लीतर्फे गोपालला नारळ दिला. दरवर्षी लाकडावरून भांडणं होतात, यंदा या परगावच्या पोरानं लाज राखली, असं बोलताना म्हाताऱ्याचा चेहरा इतका भोळा होता की त्याला काही विचारायची सोय नव्हती. ओट्यावरचा एक बाप्या जवळ आला.

"पुढच्या साली आमच्या बांधावरच्या बाभळी घेजो. भाव हाच ठेव, बरं का."

गोपाल घरी पोचला तेव्हा अंगाला धुराचा वास होता. पुष्पांजली दारातच उभी होती.

"किती सुटले?"

त्यानं नारळ पुढे केला आणि सगळं सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं सरळ बाबांना फोन लावला, दोन वाक्यांत होळी आणि नारळ उरकला आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"जावाईबापू," सासऱ्यांचा आवाज आनंदानं ओसंडत होता, "उद्या धुळवड हाय, दुकान बंद राहीन. परवापासून या. अन् तो नारळ घरी फोडू नोका. येतानी घेऊन या, दुकानात तुमच्याच हातानं फोडू."