आप्पांचं ‘आत्ताच’

खासबागेत आमच्या शेजारी आप्पा राहतात. एकदा सकाळी त्यांनी अंगण झाडलं आणि तासाभरात लखलखीत अंगण पुन्हा झाडायला घेतलं. मी भिंतीवरून विचारलं, तर म्हणाले, "मघाशी झाडलं तवा वाक्य म्हणायचं राह्यलं. आता ‘आत्ताच झाडलं’ म्हणायचं तर परत झाडाय नको व्हय?"

वाक्य फ्रेंचमधलं. आप्पांचा मुलगा फ्रान्सला, सून तिकडचीच आणि सहा वर्षांच्या नातीला मराठीचं अक्षर येत नाही. दर रविवारी फोनवर दोघं एकमेकांना हात हलवायची, मग ती खेळायला पळायची. पोरीला फोनवर थांबवायचंच, असं ठरवून आप्पांनी फ्रेंच शिकायचं पुस्तक आणलं. "निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कन्नड बोलत बोलत आली. ही न येऊन सांगती कुणाला?"

गाडी अडली ती नुकत्याच केलेल्या कामांच्या धड्यात. आधी ‘ज व्हिअँ द’, म्हणजे ‘आत्ताच’, म्हणायचं आणि पुढं काम जोडायचं, एवढंच. पण न केलेलं काम आप्पा तोंडातून काढत नाहीत. "खोटं वाक्य ध्यानात ऱ्हात न्हाय," म्हणतात. त्यापायी एका दिवसात दोनदा आंघोळ करून सर्दी ओढवून घेतली. भाजीवाल्याला फ्रेंच ऐकवलं की तो बिचारा "हौदु, हौदु" असं कन्नडमधलं ‘हो, हो’ म्हणून गाडा पुढं ढकलतो. मात्र ‘आत्ताच जेवलो’ या वाक्यासाठी आप्पा रोज भाकरी थापू लागले. त्यांची बायको, आक्का, गेल्यापासून चहा-बिस्किटावर दिवस काढत होते. त्या धड्याचे मी मनातल्या मनात उपकार मानले.

"आप्पा, काल-परवाचं बोलायला शिका की," मी चिडवलं.

"त्ये कुणालाबी सांगता येतंय गं. आत्ताचं सांगाय घरात माणूस लागतंय," म्हणाले आणि भाकरी उलटायला आत गेले.

रविवारी त्यांनी मला जवळ बसवून फोन लावला. चटणी कुटली, जेवलो, अंगण झाडलं, सगळं ऐकवलं. नात पळाली नाही. उलट तिनंही ‘ज व्हिअँ द’ म्हणत एक वाक्य सांगितलं.

"दात पडला व्हय!" आप्पा ओरडले.

पलीकडून मुलगा धावत आला, "काय? कधी?" पोरीच्या बापाआधी बातमी खासबागेत पोचली होती.

फोन ठेवून आप्पा तसेच उठले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ऐकलीस का? पोरीचा दात पडला बघ, आत्ताच!"

आत कुणी नव्हतं. आप्पा दारातच उभे राहिले.

"ऐकलं आप्पा," मी म्हटलं. "वरचा का खालचा?"

"त्ये इचारायचं राह्यलंच की गं!" त्यांनी डोळे पुसले आणि पुस्तक पुढं ओढलं. "जाऊ नको, बस. कसं इचारायचं ते बघू."