मानाचा आटा

एका जंगलात, मुलांनो, काडतुसं भरायचं एक यंत्र होतं. वेण्णा नावाच्या पाणमांजरीला वाटलं होतं की ते आता गंजून गेलं असेल, त्यावर कोळ्यांनी जाळी विणली असतील आणि भीतीपोटी कुणी त्याला हात लावत नसेल. परत येऊन पाहते तर यंत्र लखलखत होतं. त्याला झेंडूचा हार होता. आणि त्याला हात लावल्याशिवाय जंगलात कुणाची सकाळ सुरू होत नव्हती.

सगळा घोटाळा तिथेच होता. पण तो वेण्णाला कळायला वेळ लागला. तुम्हालाही थोडा लागू दे.

वेण्णा अगदी लहान असतानाच डोंगरांपलीकडच्या लांबच्या शाळेत यंत्रविद्या शिकायला गेली होती. परतीच्या वाटेवर ती मनातल्या मनात भाषण जुळवत होती. ‘बंधूंनो, यंत्राला भिऊ नका,’ अशी त्याची सुरुवात होती. ती सुरुवात काही कामाला आली नाही.

आता जनावरांना काडतुसं कशाला हवीत, असं तुम्ही विचाराल. सांगते.

नदीच्या पलीकडे दुसरं जंगल होतं. पूर्वी दोन्ही जंगलं पाण्यावरून भांडत. कुणाचे कान जात, कुणाची शेपटी जाई. मग जाणत्या जनावरांनी ठरवलं, दरवर्षी उन्हाळ्याआधी नेमबाजीचा एक डाव मांडायचा. दोरीला मडकी टांगायची. ज्यांची मडकी जास्त फुटतील त्यांना एक डोह मिळेल. बंदुका होत्याच. काही शिकारी तंबू टाकून बसले असताना तिथून वाघ गेला होता. तो नुसता जांभई देत होता, पण शिकारी सामान तिथेच टाकून पळाले. ते सामान दोन्ही जंगलांनी सारखं वाटून घेतलं. हे यंत्र त्यातलंच.

शिकाऱ्यांची तयार काडतुसं पुरली तोवर ठीक चाललं. गेल्या वर्षी वेण्णाच्या जंगलाने स्वतः भरलेले बार काढले तेव्हा आवाज मोठा झाला, धूरही छान निघाला, आणि मडकी जशीच्या तशी राहिली. काडतुसांत गोळ्याच नव्हत्या. पलीकडच्यांनी आवाजासाठी टाळ्या वाजवल्या आणि खालचा डोह घेतला.

आता राहिला होता वरचा डोह. त्यात वेण्णाची आई राहायची. सगळी भावकीही तिथेच होती.

“हाही गेला तर?” वेण्णाने विचारलं.

“तर काय. पाणमांजर जमिनीवर किती दिवस काढणार?” आई म्हणाली. “तुझ्या मावशीकडे जावं म्हटलं असतं, तर ती खालच्याच डोहात होती. आता ती कुणाच्या ओढ्यात पाय भिजवत बसलीय कोण जाणे.”

वेण्णाने त्याच पावली कारखाना गाठला.

कारखाना म्हणजे एक गुहा. तिथले मिस्त्री नागूतात्या साळिंदर. त्यांचे पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर सगळे पाठीवरच्या काट्यांत अडकवलेले असायचे. हवा तो पाना ते न बघता काढत.

“तात्या, हे यंत्र चालतं कसं ते मी तुम्हाला समजावून सांगते,” वेण्णा म्हणाली.

“सांग की. मीही म्हणतो तुझ्याबरोबर,” तात्या म्हणाले, आणि म्हणू लागले. “दांडा ओढला की दारू भरलेलं काडतूस वर येतं. वर ही डाय, फिरवून खालीवर करायची पितळी नळी. डायच्या पोटात गोळ्यांची रांग. काडतुसाचं तोंड डायच्या जिभेला टेकलं की जीभ उचलली जाते, आणि एक गोळी काडतुसाच्या तोंडावर येऊन बसते. डाय फार खाली बसली तर दोन गोळ्या पडतात. फार वर राहिली तर एकही नाही. मधली जागा केसाएवढी.”

“म्हणजे तुम्हाला सगळं माहीत आहे,” वेण्णा म्हणाली. ती जरा हिरमुसलीच.

“मलाच काय, इथल्या शेंबड्या पोरांनाही माहीत आहे. बालवाडीत म्हणून घेतात.”

“मग गोळी का पडत नाही?”

तात्यांनी पाठ खाजवली. एक पकड खाली पडली.

वेण्णाने वाकून डायमध्ये पाहिलं. तिला एक चूक लगेच दिसली. शिकाऱ्यांच्या पेटीत तीन डाय होत्या, लहान, मधली आणि मोठी. जंगलाच्या बंदुका लहान तोंडाच्या होत्या आणि यंत्रावर मोठी डाय बसवली होती. लहान गोळी मोठ्या डायमधून येताना कोलांटी मारायची आणि उलटी पडायची, नाहीतर दोघी शेजारीशेजारी अडकून बसायच्या.

“ही कुणी निवडली?”

“दाजीसाहेबांनी,” तात्या म्हणाले.

दाजीसाहेब गवा जंगलाच्या पंचांचे अध्यक्ष होते. ते आले, तेव्हा गुहेत उजेड कमी झाला.

“दाजीसाहेब, ही डाय आपल्या मापाची नाही,” वेण्णा म्हणाली. “लहान हवी.”

“पोरी, एवढं मोठं जंगल आपलं,” दाजीसाहेब म्हणाले. “पाहुणे येतात, पाहतात. त्यांना लहान डाय दाखवायची?”

वेण्णाने वाद घातला नाही. तिने एक गोळी मोठ्या डायमध्ये टाकली. ती उलटी पडली. दुसरी टाकली. तीही उलटी पडली. मग लहान डायमधून टाकली. ती सरळ, टोक वर करून, शहाण्या मुलीसारखी उभी राहिली.

दाजीसाहेबांनी त्या गोळीचा वास घेतला. “पितळेला पॉलिश चांगलं करा म्हणजे झालं,” ते म्हणाले आणि गेले.

वेण्णाला वाटलं, आपण जिंकलो. तिने लहान डाय बसवली. संध्याकाळपर्यंत ती डाय थोडी खाली घेई, थोडी वर घेई, आणि दारू नसलेली रिकामी काडतुसं घालून दांडा ओढे. शेवटी ती केसाएवढी जागा सापडली. दांडा ओढला की एक गोळी. पुन्हा ओढला की पुन्हा एक. डाय हलू नये म्हणून तिने तिच्यावरचा चेकनट आवळला आणि शीळ घालत घरी गेली.

सकाळी येऊन पाहते तर यंत्रासमोर रांग लागलेली.

पुढे दाजीसाहेब होते. त्यांच्यामागे अस्वलांकडून हौसाआत्या, मग सांबरं, मग तरस, भेकरं, ससे, अशी सगळी घराणी. दाजीसाहेबांनी यंत्राला गंध लावलं, चेकनट सैल केला आणि डाय डावीकडे अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, फिरवली. हौसाआत्यांनी उजवीकडे पाऊण आटा फिरवली. सांबराने डावीकडे पाव.

“हे काय चाललंय?” वेण्णाने विचारलं.

“मानाचा आटा,” नागूतात्या म्हणाले. “यंत्र आलं तेव्हापासूनची रीत आहे. यंत्र सगळ्या जंगलाचं, तेव्हा सगळ्यांचा हात लागला पाहिजे. कुणी किती फिरवायची आणि कुठल्या बाजूला, ते ठरलेलं आहे. सांबरांना पाव आटा मिळवायला दोन पिढ्या भांडावं लागलं.”

“मग तुम्ही नंतर डाय परत नीट का नाही लावत?”

“मान दिल्यावर सूर्य मावळेपर्यंत डायला पाना लावायचा नाही. लावला तर मान उतरवल्यासारखं होतं. काल नव्या डायला अजून मान लागलेला नव्हता, म्हणून तुला चाललं. आणि सूर्य मावळल्यावर दारूजवळ दिवा न्यायचा नाही, म्हणून काडतुसं भरायची नाहीत.”

दोन्ही नियम कडक होते. त्यातला दुसरा तर शहाणपणाचाही होता.

रांग संपली. तात्यांनी दांडा ओढला. गोळी पडली नाही. तात्यांनी यंत्राला नमस्कार केला आणि पुढचं काडतूस घेतलं.

वेण्णा शिकलेली होती, तिने हिशेब मांडला. उजवीकडे एवढं, डावीकडे तेवढं, उरलं इतकं. तेवढा फरक आधीच धरून सूर्य मावळल्यावर तिने डाय मुद्दाम चुकीची लावली, म्हणजे सकाळच्या मानानंतर ती आपोआप बरोबर यावी. हिशेब अगदी पक्का होता. पण त्या सकाळी हौसाआत्यांचं सुनेशी वाजलं होतं, आणि त्या भरात पाऊण आट्याचा सव्वा झाला. प्रत्येक काडतुसावर दोन दोन गोळ्या पडल्या आणि दांडा अडकून बसला.

मग डावाच्या आदल्या दिवशी वेण्णाने सभा बोलावली. तिने जमिनीवर डायचं चित्र काढलं. ती पोटतिडकीने बोलली. डाय का हलवू नये, हलवली तर काय होतं, डोह गेला तर पाणमांजरांचं काय होईल, सगळं सांगितलं. सभेत कुणीकुणी डोळे पुसले.

“बरोबर आहे पोरीचं,” दाजीसाहेब म्हणाले.

“शंभर टक्के,” सांबर म्हणालं.

“मग उद्या कुणी डाय फिरवायची नाही. ठरलं?” वेण्णाने विचारलं.

“ठरलं,” हौसाआत्या म्हणाल्या. “गव्यांनी आधी थांबावं, आम्ही मागून थांबतो.”

“आम्ही का आधी?” दाजीसाहेब म्हणाले. मग त्यांनी थोडा विचार केला. “नाही, बरोबर आहे. पहिला मान आमचा, तेव्हा थांबण्याचा पहिला मानही आमचाच.”

“असं कसं?” हौसाआत्या म्हणाल्या. “थांबायची कल्पना पुढे आली तेव्हा ‘ठरलं’ आधी कोण म्हणालं? अस्वलं. थांबायचा पहिला मान अस्वलांचा.”

“सांबरांनी ‘शंभर टक्के’ त्याच्याही आधी म्हटलं होतं,” सांबर म्हणालं.

वाद वाढला. आधी थांबण्याचा मान कुणाचा, हे ठरवायला समिती नेमली गेली. समितीचा निर्णय होईपर्यंत आटा पूर्वीसारखाच फिरवायचा, असं एकमताने मंजूर झालं.

“पण डाव उद्या आहे,” वेण्णा म्हणाली. “आणि डावाची काडतुसं उद्या सकाळीच, पलीकडच्या साक्षीदारांसमोर भरायची आहेत.”

“तुला घाई सुचते गं,” हौसाआत्या म्हणाल्या. “तुम्हा पाणमांजरांना मानच नाही. तुम्हाला त्याची किंमत काय कळणार?”

हे वेण्णाला लागलं. घरी येऊन तिने आईला विचारलं, “आपल्याला मान का नाही गं?”

आई डोहाच्या काठी लव्हाळ्याची पेंढी बांधत होती. आवराआवर सुरू झाली होती.

“देत होते की,” आई म्हणाली. “तुझ्या आजोबांना शेवटचा देत होते. सगळ्यांचं झाल्यावर उरलेला. आजोबा म्हणाले, सशांच्या मागे उभं राहायचं? त्यापेक्षा मान नकोच. आपल्या घराण्याचाही ताठा काही कमी नव्हता.”

वेण्णाने आईकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं. त्या संध्याकाळी ती कारखान्यात गेलीच नाही. पोहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुहेसमोर रांग लागली. पलीकडच्या जंगलाचे साक्षीदार, दोन कोल्हे, एका बाजूला बसले होते. त्यांना कसलीच काळजी दिसत नव्हती. वेण्णा आली आणि शेवटच्या सशाच्या मागे उभी राहिली.

“हे काय?” दाजीसाहेबांनी विचारलं.

“आमचा राहिलेला मान घ्यावा म्हणते, दाजीसाहेब.”

“शेवटचा आहे बरं. आधीच सांगतो.”

“शेवटचाच घेते.”

कुणाचीच हरकत आली नाही. शेवटच्या मानासाठी त्या जंगलात कधी कुणी भांडलं नव्हतं. सगळ्यांना उलट बरंच वाटलं. “शिकली पण आली हो रांगेत,” हौसाआत्या सशाला म्हणाल्या, आणि खुशीत आपला आटा फिरवून बाजूला झाल्या.

वेण्णाची पाळी आली. तिने डाय उजवीकडे थोडी फिरवली. तात्यांना रिकामं काडतूस घालून दांडा ओढायला सांगितलं. दोन गोळ्या पडल्या. तिने डाय डावीकडे घेतली. पुन्हा दांडा. काहीच पडलं नाही. मग उजवीकडे, पण अगदी जरासं.

रांगेत कुजबुज सुरू झाली. कोल्हे सावरून बसले.

“पोरी,” दाजीसाहेब म्हणाले, “मान एकदा फिरवायचा असतो. तू कधी इकडे, कधी तिकडे, मध्येच दांडा काय ओढतेस. हे काय आहे?”

वेण्णाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते खरं होतं, सोपं होतं, आणि त्याचं चित्रही काढता आलं असतं. तिने तोंड उघडलंसुद्धा. मग तिला कालची सभा आठवली, आणि तिने एक गोष्ट ठरवली.

“आमच्या घराण्यात तशीच पद्धत आहे,” ती म्हणाली.

“हां,” दाजीसाहेब म्हणाले, आणि दोन पावलं मागे सरकले. “पद्धत असेल तर सावकाश होऊ दे.”

तात्पर्य : मडकी फुटली, डोह राहिला, हे तुम्ही ओळखलंच असेल. शिकून आलेल्याने चार जणांना नीट समजावून सांगावं, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. शिकवू देत. तुम्ही मात्र आपल्या म्हणण्याला शोभेल अशी एखादी जुनी रीत शोधा. आणि ती सापडली नाही, तर त्याच सकाळी सुरू करा.