बंद म्हणजे बंद

प्रेमानंदजींचा एक सिद्धांत होता: कामावर मराठीत बोललं की चूक होत नाही. अर्धवट इंग्रजीनंच घोटाळे होतात, असं ते पंपिंग स्टेशनबाहेरच्या टपरीवर सगळ्यांना ऐकवत. "बंद म्हणजे बंद. लहान लेकराले बी समजते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या रविवारी त्यांच्या मुलीचं, रोशनीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. संध्याकाळी कामठीहून मुलाचे वडील लहानूजी पाहुण्यांना घेऊन येणार होते. आणि नेमकी त्याच सकाळी पंपांना वीज देणाऱ्या मोठ्या व्हॅक्युम ब्रेकरची वार्षिक तपासणी आली. मे महिना. पंप चालले नाहीत तर अर्ध्या वस्तीला पाणी नाही, आणि त्या अर्ध्यात प्रेमानंदजींचं घरही. दुपारपर्यंत नळ सोडतो, असं बायकोला, उत्तराला, छाती ठोकून सांगून ते निघाले.

काम नेहमीचंच. ब्रेकर पॅनेलमधून बाहेर ओढला, पुसला, ग्रीस लावलं. ब्रेकरच्या आत हवा काढून घेतलेल्या तीन बॉटल असतात. बॉटलमधले कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज जोडणारे धातूचे तुकडे, एकमेकांपासून दूर करायचे आणि वरून जबर व्होल्टेज द्यायचं. करंट पलीकडे गेला नाही तर बॉटल शाबूत. गेला तर बॉटलही गेली. प्रेमानंदजी टेस्टिंगचं यंत्र घेऊन मागे बसले, ऑपरेटर अंकुश पुढच्या बटणांपाशी.

"अंकुश, ब्रेकर बंद कर गा."

आत खाडकन आवाज झाला. अंकुश दूर सरला, प्रेमानंदजींनी व्होल्टेज चढवलं, आणि यंत्र लगेच ट्रिप झालं, म्हणजे करंट पलीकडे गेला. दुसऱ्या बॉटलचं तेच. तिसरीचंही तेच.

प्रेमानंदजींच्या तोंडचं पाणी पळालं. नव्या बॉटल यायला आठवडा तरी लागणार. त्यांनी वरिष्ठांना कळवलं, वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना, आणि तिकडे तातडीची बैठक बसली. मग घरी फोन. 'तिन्ही बॉटल गेल्या' हे दारूबद्दल नाही, एवढं उत्तराला पटवण्यातच बराच वेळ गेला. पटल्यावर ती रडली. भर उन्हाळ्यात पाहुण्यांना पाण्यावाचून कसं बोलवायचं? तिनंच लहानूजींना फोन करून पुढची तारीख पाहा म्हणून सांगितलं. सकाळपासून मेंदीचे हात सांभाळत बसलेली रोशनी प्रेमानंदजींच्या डोळ्यांपुढून हलेना.

अंकुशला त्यांचं तोंड बघवेना. "साहेब, मंग आता उघडू का?"

"काय उघडून राहिला गा?"

"ब्रेकर. तुमीच बंद कराले सांगतलं ना? बटनावर क्लोज लिवलं हाये. क्लोज म्हंजे बंद. तुमी इंग्रजी बोलू देत नाही, तं मी मनातल्या मनात मराठी करून घेतो."

प्रेमानंदजी उठून पुढे आले. ब्रेकरवर लाल निशाणी दिसत होती. लाल म्हणजे कॉन्टॅक्ट जुळलेले, करंटला रस्ता मोकळा. त्यांचं 'बंद' दिवा बंद करण्यातलं होतं. अंकुशनं दार बंद करावं तसे कॉन्टॅक्ट लावून घेतले होते. उघडून पुन्हा टेस्ट केली, तर तिन्ही बॉटल ठणठणीत. पंप सुरू झाले. वरिष्ठांना त्यांनी कारण 'किरकोळ' असं कळवलं.

ते घरी पोचले तेव्हा नळ धो धो वाहत होता आणि गल्लीत टँकर उभा होता. लहानूजींनी पुढची तारीख पाहिलीच नव्हती. पाणी नाही म्हणता, तर पाणी घेऊनच सगळ्या पाहुण्यांसकट आले होते. आधीच भरलेल्या टाकीत टँकरचा पाइप सोडलेला, त्यामुळे मांडवात घोट्याएवढं पाणी. पाहुणे पाय वर घेऊन खुर्च्यांवर बसले होते.

"प्रेमानंदजी, झालं काय होतं?" लहानूजींनी विचारलं.

'तांत्रिक बिघाड' हे शब्द ओठांपर्यंत आले. पण समोर रोशनी साडी वर धरून उभी होती. खोटं बोलून सोयरीक जोडायची त्यांना लाज वाटली. त्यांनी सगळं सांगून टाकलं. उत्तरानं डोळे मिटून घेतले.

लहानूजींनी गंभीर चेहऱ्यानं पाय खुर्चीवर आणखी वर घेतले. मग म्हणाले, "तीस वर्षं झाले, मी काय बोलून राहिलो ते आमच्या बी घरी कोणालेच समजत नाही. सोयरीक बराबर जमली."

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीनं, यमुताईंनी, त्यांच्याकडे वळून विचारलं, "तुमी काय म्हणले हो?"