वाघानं खाल्लेली कौसल्या

“बाया बोलावणं कोणालेही जमते. त्यायले उठू न देणं फक्त मले जमते!” प्रयागबाईनं नवऱ्याला ठणकावलं.

सत्त्याहत्तरचा उन्हाळा. वाडीतली भाड्याची खोली, तोंडावर आलेलं लेकीचं, प्रेमिलाचं लग्न आणि पापडांसाठी भिजवलेल्या उडदाच्या पिठाचा हा एवढा डोंगर! आजच लाटलं नाही तर पीठ आंबणार आणि वरपक्षापुढे नाक कापलं जाणार. मागल्या खेपेला बाया चहा पिऊन चिमण्यांसारख्या भुर्रकन उडाल्या होत्या.

यंदा प्रयागबाईनं मधोमध पाट ठेवला, त्यावर कोळशानं रस्ता काढला. “आपण जंगलातून रामटेकले चाललो. हातानं लाटायचं, तोंडानं खेळायचं. फोडलेले चिंचोके फाशासारखे टाकायचे, ते सांगतील तसं होणार. सगळे काळे पडले तर वाघ!”

पण बाया पंधरा! पाळी येईस्तोवर कोणी पेंगू लागली, कोणी चपला शोधू लागली. मग प्रयागबाईनं सगळ्यांचं एकच घराणं करून टाकलं. म्हातारी तुळसाबाई सासू, कौसल्या तिची लाडकी सून, बाकीच्या जावा-नणंदा. उरली शोभाताई, ती वाघ.

काय रंगलं! नणंदा खरेखुरे टोमणे मारू लागल्या, लाटणी सपासप फिरू लागली. तेवढ्यात कौसल्या पाटावरच्या नदीवर पाणी प्यायला गेली आणि चिंचोके सगळेच काळे पडले.

शोभाताईनं डरकाळी फोडली. “खाल्ली तुले!”

बाया हळहळल्या. तुळसाबाईनं लाटणं खाली ठेवलं.

“काहून थांबल्या, मावशी?” प्रयागबाईनं विचारलं.

“माही सून मेली वं! सुतकात लग्नाचे पापड लाटू काय?”

धडाधड साऱ्या घराण्याची लाटणी खाली! वाघाला सुतक नसतं, म्हणून शोभाताई एकटी लाटत राहिली.

“अवं, खेळ खोटा आहे ना!”

“खेळ खोटा, पण पापड तर खरे! पोरीले अपशकून झाला म्हणजे?”

प्रेमिला दारात रडकुंडीला आली. प्रयागबाई ओरडली, “झाले दहा दिवस! फिटलं सुतक!”

“अन् तेरवीचं जेवण?” तुळसाबाई म्हणाली.

झालं! पिठावर ओलं फडकं टाकून प्रयागबाई चुलीकडे धावली. शिरा झाला. सर्वांत जास्त शिरा खुद्द मयत कौसल्यानं खाल्ला आणि पदर झटकून ती उठली.

“मेलेल्या बाईले पाळीच नाही. मी चालली घरी.”

तिच्यासारखा चपळ हात साऱ्या वाडीत नव्हता! “थांब वं माय!” प्रयागबाई घाबरून म्हणाली. “तुह्या जावेच्या पोटी जन्म घे!”

घराण्यात आनंदीआनंद! कोणी पाळणाही म्हटला. आणि तुळसाबाईनं लाटणं पुन्हा अलगद खाली ठेवलं.

“प्रयाग, घरात पोर झालं, आता सोयर लागलं वं. बारशाले काय करतं?”

प्रयागबाईनं कढई पुन्हा चढवली.

ऊन कललं तेव्हा शेवटचा पापड खाटेवर पडला. पीठ संपलं, आणि लग्नासाठी जपून ठेवलेला रवाही संपला! प्रयागबाई रिकामा डबा घेऊन मटकन बसली.

“तोंड काहून पाडतं?” तुळसाबाई म्हणाली. “उद्या साऱ्या जणी गहू घेऊन येतो, रवा काढून देतो. फक्त तो पाट धुवू नको!”