पाहुण्यांचं कुलूप

वर्कशॉपच्या मेन स्विचवर लटकणारं कुलूप लाल होतं आणि जेमतेम अंगठ्याएवढं होतं. त्याला अडकवलेल्या पट्टीवर छापलं होतं : "हे चालू केलंत तर मी मरेन." खाली, हे म्हणणाऱ्या माणसाचा हसरा फोटो.

तो माणूस म्हणजे विभागाचे अतिथी प्राध्यापक. उभा जन्म त्यांनी कारखान्यात लोकांची सुरक्षा सांभाळण्यात घालवलेला. विद्यापीठाला उद्योगातला तज्ज्ञ हवा होता, म्हणून आठवड्यातून एकदा शिकवायला येत. परवाच्या तासाला त्यांनी कारखान्यातली पद्धत करून दाखवली : दुरुस्तीआधी वीज तोडायची, आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. मग त्यांनी शेजारच्या विजेच्या पेटीत डोकावून पाहिलं, आणि किल्ली खिशातच राहिली.

"बाई, आतल्या तारा जळून काळ्या पडल्यात. एखादं पोर चिकटेल. आधी पेटी बदला, मग काढतो."

विभागप्रमुख बाईंना हे दोन वर्षांपासून ठाऊक होतं. पण पेटी बदलायची तर वर्कशॉप बंद, शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा बुडालेली, आणि एकदा बंद झालेलं वर्कशॉप डीन पुन्हा उघडू देतील याची खात्री नाही. "सुट्टीत बघू," असं त्या प्रत्येक सुट्टीच्या आधी म्हणत.

डीनसाहेबांच्या खोलीचे दिवे आणि एसीही कधीकाळी कुणीतरी त्याच पेटीवर टाकले होते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. साहेबांनी अंधारात घाम पुसत शिपायाला करवत घेऊन पाठवलं. पेटीसमोर अख्खा वर्ग उभा.

"सरका रे."

"काका, ज्याचं कुलूप त्यानंच."

"अरे, साहेबांचा हुकूम आहे."

"तेच तर. साहेबांनी हुकूम दिला तर काय कराल? सरांनी सांगितलंय, हाच प्रश्न पाच मार्कांना येणार."

करवत परत गेली. बाईंनी सरांना फोन लावला. त्यांच्या मुलीनं उचलला. बाबा पहाटे झोपेतच गेले, म्हणाली.

सरांच्या घरी भेटायला डीनसाहेबही आले. बसल्या बसल्या त्यांनी बाईंना हळूच म्हटलं, "किल्लीचं विचारा."

"आत्ता?"

"मग काय, सुट्टीत?"

सरांच्या पत्नीनं न विचारताच किल्ली आणून दिली. "शर्टाच्या खिशात होती. हे म्हणायचे, माझ्यामागे कुलूप कुणी काढलंच, तर पहिला खटका त्यानंच दाबावा. बाकीच्यांना लांब उभं करावं."

डीनसाहेबांनी चहा खाली ठेवला.

वर्कशॉपमध्ये शिपायानं फोटोला नमस्कार केला आणि तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मुलं भिंतीला टेकून वाट पाहत होती.

"उघडा, बाई," डीनसाहेब म्हणाले.

बाईंनी किल्ली पुढे केली. "तुम्ही उघडता, सर?"

"मी? माझी मीटिंग आहे." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "तसं बघितलं तर पहिल्यांदा एखाद्या विद्यार्थ्यानंच दाबलं, तर त्यांचंही शिकणं होईल."

पहिल्या बाकावरची एक मुलगी खरंच पुढे आली. हुशार होती, मार्कांसाठी काहीही करणारी.

बाईंनी किल्ली मुठीत मिटली.

"परीक्षा होणार नाही," त्या म्हणाल्या. "वर्कशॉप मी बंद करतेय."