पिरॅमिडच्या पायथ्याशी नारिंगी बूट

श्रीरंगराव पिरॅमिडवरून खाली उतरले, तेव्हा त्यांचा डावा बूट जागेवर नव्हता.

पिरॅमिड मातीचा होता. अमेरिकेत, अल्फारेटा शहराहून तासाभराच्या अंतरावर, नदीकाठी, इथल्या मूळच्या लोकांनी टोपल्यांनी माती वाहून रचलेला. वर आता नुसतं गवत. त्यांच्या बायकोला, उत्तराबाईंना, इजिप्तचे पिरॅमिड बघायचे होते. ते राहून गेलं, आणि मागच्या हिवाळ्यात त्याच गेल्या. श्रीरंगराव घराबाहेर पडेनात, म्हणून मुलीने, वैदेहीने, ही गाइडेड टूर बुक केली. सोबतीला शेजारचे राजाराम आले.

पायथ्याशी गाइडबाईंनी सांगितलं, की माथ्यावर देऊळ होतं आणि ते बांधणाऱ्यांचे वंशज आजही इथे येतात. एवढं ऐकल्यावर श्रीरंगरावांनी बूट काढले. गाइडबाई बघत राहिल्या.

"अहो, देऊळ पडून शेकडो वर्षं झाली," राजाराम म्हणाले.

"देऊळ पडलं. देव थोडाच पडतो?"

देवळाबाहेर जोडे ठेवायची उत्तराबाईंची एक पद्धत होती. नवऱ्याचा एक बूट आणि आपली एक चप्पल या टोकाला, उरलेली दोन त्या टोकाला. सुटा बूट नेऊन चोर काय करणार? आता शेजारी ठेवायला चप्पल नव्हती. श्रीरंगरावांनी उजवा बूट माहितीच्या पाटीखाली ठेवला, डावा पलीकडच्या झुडपामागे लपवला, आणि नुसत्या मोज्यांनी ते वर चढले. बूट उत्तराबाईंनीच निवडलेले होते. दुकानात खाली बसून, अंगठ्यापाशी दाबून बघून त्या म्हणाल्या होत्या, "आता दहा वर्षं बघायला नको."

वैदेही ऑफिसच्या कॉलमुळे गाडीपाशी मागे राहिली होती. ती मागच्या पायऱ्यांनी वर आली. तिनेही बूट काढलेले पाहून श्रीरंगरावांना बरं वाटलं. मग तिचा फोन पुन्हा वाजला, आणि तिला वरच सोडून बाकीचे खाली आले.

पाटीखाली उजवा बूट होता. त्याला अगदी चिकटून एक भडक नारिंगी बूट उभा होता. झुडपामागे लाल मुंग्यांशिवाय काही नव्हतं.

"चोर घाईत होता," ते म्हणाले. "हा स्वतःचा टाकून माझा घालून गेला."

"एका पायात काळा, एका पायात नारिंगी?" राजाराम म्हणाले. "चोरांचे इतके हाल आहेत होय इथे?"

गाइडबाईंनी विचारलं, की बूट झुडपात कशाला ठेवला होता. चोरी होऊ नये म्हणून, असं श्रीरंगरावांनी सांगितलं. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. म्हणजे चोरी होणार हे यांना आधीच ठाऊक होतं? त्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून इथे येत होत्या, आणि आजवर इथलं ढेकूळही कुणी उचललं नव्हतं. श्रीरंगराव समजावायला गेले, पण "माझ्या बायकोने..." एवढं म्हणून ते उजवा बूट छातीशी धरून उभे राहिले.

ते पाहून गाइडबाईंनी वॉकीटॉकी उचलला. नारिंगी बूट पुरावा म्हणून पिशवीत घालून गोल्फ कार्टने गेटवरच्या ऑफिसात पाठवला गेला. गेट बंद झालं. झाडाखाली सँडविच खात बसलेल्या एका कुटुंबाला पाय दाखवायला लावले. श्रीरंगरावांना आता बुटापेक्षा याचीच धास्ती वाटू लागली. पण थांबा म्हणायला फार उशीर झाला होता.

वॉकीटॉकी खरखरला. मागच्या पायऱ्यांशी एक बाई सापडली होती. एका पायात नारिंगी बूट, हातात पुरुषाचा काळा. बूट वडिलांचा आहे म्हणते.

"चोर दुसरं काय म्हणणार?" राजाराम म्हणाले.

कार्ट आली. दोन गार्डांच्या मध्ये वैदेही बसली होती. तिच्या बुटांकडे श्रीरंगरावांनी सकाळपासून पाहिलंच नव्हतं.

"बाबा, व्हॉट इज गोइंग ऑन? माझा दुसरा शू कुठेय?"

"तो... पुरावा म्हणून गेला."

"कसला पुरावा? तुम्ही बूट मुंग्यांमध्ये ठेवला होता. तोही एकटा. मी आईसारखे ठेवले. एक तुमचा, एक माझा. इथे एक जोडी, मागच्या पायऱ्यांशी दुसरी."

लहानपणी भारतात गेल्यावर देवळाबाहेर ही मुलगी आईचा तो उद्योग बघून लाजायची. आपण यांच्यातले नाहीच अशी दहा पावलं दूर जाऊन उभी राहायची.

गाइडबाईंनी विचारलं, या बाईंना ओळखता का? श्रीरंगरावांनी मान हलवली. मग त्यांनी मुलीच्या हातातून बूट घेतला, अंगठ्यापाशी दाबून पाहिला आणि पायात चढवला.

नारिंगी बूट परत आला. गार्डांनी माफी मागितली, श्रीरंगरावांनी गार्डांची आणि सँडविचवाल्यांची मागितली. तेवढ्यात पुढची टूर जमली. गाइडबाईंनी त्यांना देवळाचं सांगितलं आणि सांगता सांगता स्वतःचे बूट काढले. एक पाटीखाली ठेवला. दुसरा हातात धरून त्या इकडेतिकडे बघू लागल्या.

त्या हातातल्या बुटाला जोड द्यायला राजाराम खाली वाकून आपल्या बुटाची नाडी सोडू लागले.