हळद लागलेली कांडी

जगातली सगळी महत्त्वाची कामे पृष्ठभागावर होतात. आत काय आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. विद्युत-रसायनशास्त्राचाही हाच नियम आहे. कार्बनच्या साध्या कांडीवर योग्य लेप दिला, ती पाण्यात बुडवून वीज सोडली, की पाणी लवकर फुटते आणि हायड्रोजनचे बुडबुडे येतात. लातूरच्या एका महाविद्यालयात शिवानी डॉक्टरेटसाठी असा लेप शोधत होती आणि अखेर तो तिला सापडला. बुडबुडे बारीक होते, पण खरे होते. ती हरखून गेली. तिचे मार्गदर्शक महांतेश सर मात्र संगणकावरचा आलेख पाहून हळहळले, कारण पाणी फुटण्याचा वेग दाखवणारी करंटची रेघ फारशी चढत नव्हती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी नांगरापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, तेव्हा प्रयोगशाळेने मागे राहणे बरे दिसले नसते. सरांनी भट्टी, तराजू, पंखा (बंद), झेरॉक्स मशीन आणि शिवानीची कांडी यांना हळद-कुंकू वाहिले. सुट्टी संपल्यावर कांडी तशीच पाण्यात गेली आणि रेघ आलेखाबाहेर गेली. विभागाच्या अहवालानुसार संशोधनाचा वेग शंभर टक्क्यांनी वाढला (आधीचा शून्य धरला आहे, गणित जमत नाही, पण अहवाल मंजूर आहे).

शिवानीने वाकून कांडी जवळून पाहिली.

"सर, करंट वाढलाय, पण बुडबुडे न्हाईत. पाणी फुटत न्हाई, सगळी वीज हळदीतच जिरायलीय."

"नांदेडहून विद्यापीठाची समिती येणार हाय, ती रेघ बघती. बुडबुडे कोण बघतंय? डिग्री पायजे न्हवं तुला?"

हवी होती, फार हवी होती. तिची आई पार्वतम्मा दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला "आमची शिवानी डॉक्टर व्हायलीय" असे सांगून बसली होती (गिऱ्हाइके डोकेदुखीवर गोळी विचारून जात).

तरी समितीसमोर शिवानीने कांडी स्वच्छ धुतली. रेघ उतरली, बुडबुडे वर आले. ती त्यांच्याकडे बोट दाखवत राहिली. उमेदवाराने उत्तम लेप निष्काळजीपणे धुऊन टाकला, असा गंभीर शेरा मारून समितीने प्रबंध नाकारला. हळदीच्या लेपासाठी मात्र स्वतंत्र केंद्र मंजूर झाले. संचालक अर्थातच महांतेश सर.

शिवानीला रडू आले; राग त्याहून जास्त आला. आता भेटेल त्याला ती आपला लेप समजावून सांगते. लोक शांतपणे ऐकतात आणि हळद घरची होती की विकतची, तेवढे विचारतात. तिच्या लेपात काय होते, हे या गोष्टीतही कुठे आलेले नाही. तुम्हीही विचारले नाहीत.